विंडोज, व्हायरस आणि भाच्याने उघडलेलं जीमेल

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळ समुद्राला लागून एका गृहस्थांचं घरगुती निवासाचं काम आहे. चार खोल्या, जेवण घरचं. कॉम्प्युटर २०१६ साली घेतलेला. दुकानदार म्हणतो, विंडोज १० बंद झालं, आता नवीन मशीन घ्याच. मुलगा म्हणतो, चांगला महागातला अँटिव्हायरस टाकू या. मध्यंतरी त्यांच्या खोल्यांचे फोटो वापरून कोणीतरी भलत्याच नंबरवर बुकिंग घेतलं आणि पुण्याचं एक कुटुंब आगाऊ रक्कम भरून दारात येऊन उभं राहिलं. गावच्या जत्रेतला दशावतार यूट्यूबवर टाकला तर त्यावर कॉपीराइटचा दावा आला. वडिलांनी टाइप करून ठेवलेली देवस्थानची माहिती उघडली की मराठीऐवजी भलत्याच खुणा दिसतात. आणि जाता जाता एक ओळ: "जीमेल वगैरे सगळं मुंबईच्या भाच्याने उघडून दिलेलं आहे, पासवर्ड त्यालाच माहीत असतो."

मी सिंधुदुर्गात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि नेटवर्कची कामं करतो. छोटी हॉटेलं, बागायतदार, पतसंस्था हीच माझी गिऱ्हाइकं. माझ्या मते यादीतली सगळ्यात घातक गोष्ट ती शेवटची ओळ आहे. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

भाच्याबद्दल माझी तक्रार नाही. गणपतीला चाकरमानी येतात, त्यात एखादा आयटीतला असतो. आरती आणि भजनाच्या मधल्या वेळात तो मामाचा फोन घेतो, जीमेल उघडतो, गुगल मॅपवर घराची नोंद करतो, फेसबुक पान काढतो, यूट्यूब चॅनेल चालू करून देतो आणि विसर्जन झालं की तुतारी नाहीतर कोकणकन्या एक्स्प्रेसने परत जातो. सगळं आपुलकीने केलेलं असतं. फक्त खातं उघडताना ओटीपी पटकन यावा म्हणून नंबर स्वतःचा घातलेला असतो, कारण मामाच्या सिमला माजघरात रेंज नसते. पुढे त्याची नोकरी बदलते, कंपनीने दिलेला नंबर जातो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो. म्हणजे तुमच्या खात्याचा रिकव्हरी नंबर आज कोणाच्या खिशात आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि भाच्यालाही नाही.

त्या एका मेलला काय काय जोडलेलं आहे ते बघा. मॅपवरची नोंद, जिच्यावरून पाहुणे फोन करतात. बुकिंगच्या साइटचं लॉगिन. यूट्यूब. फोनमधले फोटो आणि संपर्क. बऱ्याचदा बँकेत दिलेला ईमेलसुद्धा तोच. ज्याच्या हातात हा मेल, त्याला तुमचा दुसरा कुठलाही पासवर्ड चोरायची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' दाबायचं, नवा पासवर्ड करायची लिंक त्याच मेलवर येते.

गिऱ्हाइकाला हे सांगताना मी सातबाराच काढतो. घरात तुम्ही राहता, कलमं तुम्ही लावली, आंबा तुम्ही काढता, पण उताऱ्यावर आजोबांच्या चुलत भावाचं नाव अजून आहे. ते कळतं बँकेत कर्जाला गेल्यावर. खात्यांचं असंच आहे. फरक इतकाच की जमिनीसाठी निदान तलाठी समोर बसलेला असतो, फेरफार घालता येतो. गुगलमध्ये समोर बसलेलं कोणी नाही.

तेव्हा भाचा पुढच्या चतुर्थीला येईपर्यंत थांबू नका. व्हिडिओ कॉल करा आणि त्याला समोर बसवून करा. पासवर्ड बदला. रिकव्हरी नंबर तुमचा, दुसरा घरातल्याच कोणाचा तरी. 'तुमची उपकरणं' या यादीत जे जुने फोन आणि लॅपटॉप दिसतील ते सगळे काढून टाका; त्यात भाच्याचा दोन फोनांपूर्वीचा फोन हमखास निघतो. दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर एक कोडही लागतो ती) चालू करा. एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप घेतलंत तर कोड रेंज नसतानाही मिळतो, आणि आपल्याकडे तो मोठा फायदा आहे. शिवाय गुगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवा. मॅपवरच्या नोंदीत 'मालक' आणि 'व्यवस्थापक' अशा दोन जागा असतात. मालक तुम्ही व्हा, भाच्याला व्यवस्थापक राहू द्या. त्याला काढून टाकायचं कारण नाही, उलट उपयोगच होईल.

पासवर्ड वहीत लिहू नये, असं लोक फार ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. दूर कुठेतरी बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही. त्याला वाचता येतो तो दुसऱ्या एखाद्या साइटवरून फुटलेला, तुम्ही सगळीकडे एकच ठेवलेला पासवर्ड. कॅपिटल अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, दर तीन महिन्यांनी बदला, हा जाच अमेरिकेच्या मानक संस्थेच्या जुन्या मार्गदर्शनातून जगभर पसरला. त्याच संस्थेने २०१७ साली नियम फिरवले: लांबी महत्त्वाची, आणि फुटल्याची शंका नसेल तर उगाच बदलायला लावू नका. कारण उघड आहे. बदलायला लावलं की माणूस १२३ चं १२४ करतो. रोमन अक्षरांत एकमेकांशी संबंध नसलेले चार मालवणी शब्द घ्या, मेलला वेगळा, बँकेला वेगळा, आणि खुशाल वहीत लिहा. वही फक्त बिलिंगच्या टेबलावर नको, पाहुणे तिथेच उभे असतात.

आता विंडोज १०. ते 'बंद' झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने त्याला नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं. मशीन उद्याही चालू होईल, परवाही होईल. पण यापुढे जी नवी भोकं सापडतील ती तशीच राहतील. यावर इथलं ठरलेलं उत्तर असतं, "आमच्याकडे आसा काय चोरूक?" तेच लोकांना समजत नाही. यातले बरेच हल्ले कोणाला निवडून होतच नाहीत.

२०१७ चं उदाहरण घ्या, कारण ते आपल्याच किनाऱ्यावर येऊन थडकलं होतं. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मेला वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने त्याच भोकातून जगभर मशीन कुलूपबंद केली. दोन महिने उलटूनही ज्यांनी दुरुस्ती घेतली नव्हती, ते सापडले. आणि २७ जूनला नॉटपेट्या हे असंच दुसरं लोण आलं. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं, रोख युक्रेनवर होता. पण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये ते शिरलं आणि त्याच दिवसांत उरण तालुक्यात, न्हावा-शेव्याला, त्या कंपनीच्या टर्मिनलचं काम अडलं. उरणशी कोणाचं वैर नव्हतं. कंपनीला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. तुमच्या चार खोल्यांच्या मशीनमध्ये चोरण्यासारखं काय आहे हा प्रश्न त्या प्रोग्रामने विचारलाच नसता.

म्हणून लगेच नवीन मशीन घ्या, असंही नाही. वैयक्तिक वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्या देतं. शेवटची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून नोंद करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर पैसेही पडत नाहीत. ही सवलत बहुतेक दुकानदार सांगत नाहीत. (ते खातंही स्वतःच्याच नंबरवर उघडा, भाच्याच्या नको.) तेवढ्या मुदतीत ठरवा. २०१६ चं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसणार नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर, आणि आठवी पिढी आली २०१७ च्या उत्तरार्धात. अटी चुकवून जबरदस्तीने ११ बसवायच्या युक्त्या आहेत. मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते करत नाही, कारण मोठं अपडेट आलं की भोग त्यांच्या कपाळी येतात.

त्या मशीनवर तुम्ही काय करता, हा खरा प्रश्न. पाहुण्यांची यादी, बिल छापणं, मेल, ऑनलाइन नोंदी, एवढंच असेल तर एसएसडी (जुन्या हार्डडिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) टाका आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट बसवा. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवर विंडोजपेक्षा बरं पळतं, आणि सरकारी पोर्टलं ब्राउझरमध्ये उघडतात तशी उघडतात. आधी पेनड्राइव्हवरून चालवून तुमचा प्रिंटर ओळखतंय का ते तपासा. टॅली वापरत असाल किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून काही भरत असाल तर मात्र लिनक्सच्या नादी लागू नका, विंडोज ११ चं मशीन घ्या.

नवीन घेतलंत तरी ठेवणार कुठे, तेही बघा. समुद्रालगत मी जी मशीन उघडतो त्यात व्हायरसने मेलेली कमी आणि खाऱ्या हवेने मेलेली जास्त असतात. रॅमचे संपर्क काळे पडतात, बोर्डावर हिरवट बुरशीसारखं चढतं. खिडकीशी, वाऱ्याच्या तोंडावर मशीन ठेवू नका. अनेक महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवलेलं टिकतं. मेअखेर आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लगही काढा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरसुद्धा. अर्थिंग नावाला असलेल्या घरांत वीज तिथूनच येते.

अँटिव्हायरसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विंडोजमध्ये येतो तो डिफेंडर तुमच्या कामाला पुरेसा आहे, तो फक्त बंद करू नका. आणि इथेच गोम आहे. दुकानातून 'विंडोज टाकून' मशीन मिळतं त्यातलं विंडोज पुष्कळदा फुकट्या ॲक्टिव्हेटरने, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणाऱ्या प्रोग्रामने, चालू केलेलं असतं, आणि त्या ॲक्टिव्हेटरची पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. जो प्रोग्राम पहारेकरी बाजूला करा म्हणतो आणि मशीनचे सगळे अधिकार मागतो, तो आत आणखी काय सोडून जातो हे बसवणाऱ्या पोरालाही माहीत नसतं. वरून महागाचा अँटिव्हायरस घातला तर तो याच ॲक्टिव्हेटरला पकडतो, मग दुकानदार त्याला 'अपवाद' करून ठेवतो. पैसे गेले, संरक्षणही गेलं.

कायद्याने बोलायचं तर कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमाखाली सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. तुमचा वापर धंद्यासाठी आहे. वेंगुर्ल्यात घरोघर छापे पडतील असं नाही, पण खोल्यांचे फोटो चोरले म्हणून आपण संतापतो आणि त्याच टेबलावर क्रॅक केलेलं विंडोज आणि ऑफिस चालतं, हे मला खटकतं. बिल मागा, बिलावर विंडोजचा उल्लेख आहे का वाचा. ऑफिससाठी लिब्रेऑफिस फुकट आणि सरळमार्गी आहे. चार खोल्यांच्या हिशेबाला त्याच्यापलीकडे काही लागत नाही.

आता फोटो. इथे दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि ती वेगळीच ठेवायला हवीत. ज्यांचे पैसे गेले ते पुण्याचं कुटुंब. फसवणुकीची तक्रार त्यांनी करायची, १९३० या नंबरवर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर, आणि तीही तासाभरात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमात तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या की तो नंबर आणि ते खातं तुमचं नाही. पुढे आणखी कोणी दारात उभं राहिलं तर तो अर्ज तुमच्या बाजूने बोलेल. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथ हेलिकॉप्टर, हॉटेलं, यात्रेची बुकिंग यांच्या खोट्या साइटबद्दल इशारा दिला होता. तुमच्याकडे झालं ते त्याच जातीचं आहे.

दुसरं प्रकरण फोटोंच्या मालकीचं. ते पोलिसांपेक्षा प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मने लवकर सुटतं. पण फॉर्म विचारतो, हक्क कोणाचा? आपल्या कायद्यात फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो. तुम्ही पैसे देऊन, सांगून काढून घेतलेले असतील, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर मात्र मालक तुम्ही. ड्रोनने काढलेल्या व्हिडिओचंही तेच. त्यामुळे मालवणच्या फोटोग्राफरला बिल देऊन काढून घेतलेले फोटो तुमचे, आणि भाच्याने हौसेने काढलेले भाच्याचे! घर तुमचं, खाट तुमची, अंगणातली रांगोळीसुद्धा तुमची, तरी तक्रार करायला तोच लागेल. हे सरळ करायला एक कागद पुरे. त्यावर हक्क तुम्हाला दिल्याचं लिहून त्याची सही घ्या, आणि 'कायमचे, जगभरासाठी' हे शब्द घालायला विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नोंदणीची गरज नाही. हक्क फोटो काढला त्या क्षणीच येतो आणि काढणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो.

मूळ फाइली जपा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लहान झालेला असतो, त्यातली तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती गळलेली असते, त्यामुळे पुरावा म्हणून तो लंगडा. लेखी नोटीस दिल्यावर मजकूर साठवणाऱ्या साइटने ३६ तासांत तो दिसेनासा करायचा, आणि २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाहीत तर ती तो परत दाखवू शकते, असं २०१३ च्या नियमांत आहे. खोटी पानं चालवणारा बहुधा भांडायला येत नाही, त्यामुळे पहिल्याच पायरीवर काम होतं.

फोटोवर मोठं नाव छापायचा सल्ला मिळेल. कोपऱ्यातलं नाव कापता येतं आणि मधलं हल्ली एआयने क्षणात पुसता येतं. त्यापेक्षा फोटो काढतानाच घराची पाटी चौकटीत घ्या. आणि सगळीकडे एक ओळ ठळक लिहा: पैसे भरताना अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर भरू नका. यूपीआयमध्ये पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, चोर ते बदलू शकत नाही. महिन्यातून एकदा मॅपवरचा आपलाच नंबर तपासा, कारण तिथे 'दुरुस्ती सुचवा' हे कोणालाही करता येतं.

एक उलटा प्रकारही सांगून ठेवतो, तुमच्या धंद्यात तो हमखास येतो. फोन येतो, सैन्यातला अधिकारी बोलतोय, तुकडीतल्या कुटुंबांसाठी सगळ्या खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. गणवेशातला फोटो, ओळखपत्र सगळं येतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत, येणार नाहीत, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या. सीझनमध्ये फोन कोण उचलेल सांगता येत नाही.

दशावताराच्या दाव्याने तुम्ही घाबरलात, पण त्यात घाबरण्यासारखं नव्हतं. तुमचा व्हिडिओ मी पाहिला. दावा दशावतारावर नाहीच, सुरुवातीला जत्रेतल्या खाजाच्या दुकानावर लाउडस्पीकर लागलाय आणि त्यात सिनेमाचं गाणं वाजतंय, त्यावर आहे. यूट्यूबकडे कंपन्यांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांचा साठा आहे आणि यंत्र आपोआप जुळवून बघतं. माणसाने बसून केलेलं ते काम नाही. अशा दाव्यात सहसा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे त्या कंपनीला जातात. यूट्यूब स्टुडिओत जाऊन तेवढा तुकडा कापा किंवा गाणं पुसा, दावा सुटतो. 'स्ट्राइक' ही वेगळी गोष्ट; ९० दिवसांत तीन आले तर चॅनेल जातं.

लग्नात वाजवतात ते चालतं मग मला का नाही, असं तुम्ही विचारलंय. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सवलतीत धरलेत, धार्मिक विधीही. सवलत तिथे वाजवण्याची आहे. तेच चित्रित करून इंटरनेटवर चढवलं की सवलत संपली. शंभर वर्षांपूर्वीचं नाट्यपद नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याने पायपेटीवर धरलं तर बहुधा प्रश्न नाही, रचणारे जाऊन ६० वर्षं उलटली असतील तर पद मोकळं झालेलं असतं. पण त्याच पदाचं एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं कोणाचं तरी असतं.

मला काळजी वेगळ्याच बाजूची आहे. दशावतारात पुराणातली आख्यानं कोणाच्या मालकीची नाहीत, आणि संहिताही बहुधा नसते. संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. म्हणजे त्या रात्री जे घडलं ते पूर्णपणे त्या नटांचं. कायदा त्यांना सादरकर्त्याचा हक्क देतो, ५० वर्षांचा: त्यांच्या संमतीशिवाय चित्रण करायचं नाही, ते लोकांसमोर मांडायचं नाही. मोबाइल उंच धरून अख्खं नाटक काढणारे आणि दुसऱ्या दिवशी चॅनेलवर टाकणारे किती जण कंपनीच्या मालकाला विचारतात? तुम्ही विचारलं होतंत का, हे तुमच्या प्रश्नात नाही. विचारलं नसेल तर आता विचारा, खाली नाटक कंपनीचं नाव आणि नटांची नावं द्या, आणि चॅनेलला पैसे मिळू लागले तर त्यांचा वाटा आधी ठरवा.

राहिल्या वडिलांच्या फाइली. त्या खराब झालेल्या नाहीत. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी आजची अक्षरपद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएम अशा फॉन्टांत टाइप व्हायचं. फाइलीत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की उरतात त्या खुणा. आधी फाइल उघडून मजकूर निवडा आणि फॉन्टचं नाव काय दिसतं ते टिपून घ्या; त्या त्या फॉन्टसाठी युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात. बदलल्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवायचे, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांची अदलाबदल तर ठरलेली. देवस्थानच्या मानकऱ्यांची नावं, वहिवाटी, तारखा हे कोणा जाणत्याला शेजारी बसवूनच तपासा.

आणि झालं की प्रती काढा, दोन तरी, एका ठिकाणी नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही पाण्यात गेलं, २००५ नंतर दुसऱ्यांदा. बाजारपेठेतल्या दुकानदाराचा कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप घेतलेला पेनड्राइव्ह एकाच गल्ल्यात असेल तर अशा पुरात दोन्ही एकदमच जातात. एक डिस्क घरी ठेवा, फक्त कॉपी करतानाच मशीनला लावा. कायम लावून ठेवलेली डिस्क कुलूपबंद करणारा व्हायरस मशीनबरोबरच खातो. मर्स्कला सगळं परत उभं करता आलं ते घानामधल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तेवढी एक प्रत वाचली. दुसरी डिस्क घाटमाथ्यावरच्या किंवा निदान उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा. लिखाणाला जागा फार लागत नाही, गुगलच्या फुकट १५ जीबीत ते सहज बसेल, खातं एकदा तुमच्या नावावर झालं की.

जुनं मशीन दुकानात देण्याआधी विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर अख्खं कॉपी करून घ्या. श्री-लिपी विकत घेतलेलं असेल तर मागच्या बाजूला त्याचं लॉक अडकवलेलं असतं, छोट्या पेनड्राइव्हसारखं. ते काढून ठेवा. दुकानदार ते बिनकामाचं म्हणून टाकून देतात.